भागव्वाचा पूल भागीरथीला

भागव्वा, झालं बाई एकदाचं तुझ्या पुलाचं उद्घाटन. परवाच्या रविवारी झालं. फीत कापली, नारळ फुटला, पाटीवरचा पडदा ओढला आणि खाली नाव निघालं, 'कै. श्रीमती भागीरथीबाई सेतू'. तू म्हणशील, ही कोण? मलाही तेच विचारायचं होतं, पण विचारायला तोंड नव्हतं. ते का नव्हतं हे सांगायलाच बसलेय. तुला जाऊन अजून तीन महिने झाले नाहीत. लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात. माझ्याच्यानं गोड होणार नाही.

पाटी देखणी आहे, खोटं कशाला बोलू. काळा दगड, सोनेरी अक्षरं. सगळ्यात मोठं नाव आमदारांचं, मग सभापती, मग सरपंच, मग गुत्तेदार. आमदार म्हणाले, भागीरथीमातेनं या भागातल्या लेकींना नौकेतून शिक्षणाच्या काठाला नेलं. नौका! टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत, मांडीवर गुच्छ घेऊन. एरवी अशा भाषणाची मी स्टाफरूममध्ये आठवडाभर टिंगल केली असती. परवा हसूसुद्धा आलं नाही.

नौका नव्हती ती. गुऱ्हाळावरची काईल होती, उसाचा रस आटवून गूळ करायची ती भलीमोठी लोखंडी कढई. बुडाला भोक पडलं म्हणून पाटलानं उकिरड्याशेजारी टाकून दिलेली. तू ती मागून आणलीस, भोकाला पत्रा ठोकलास, वरून डांबर फासलंस आणि सीना नदीत सोडलीस. गाव काठावर उभं राहून मजा बघत होतं. बाईमाणसानं काईल चालवायची म्हणजे काय! एकानं तर विचारलं, गूळ पाण्यात करणार काय गं? तू त्याच्याकडं बघितलंही नाहीस.

सातवीच्या पुढं आपल्या गावात शाळा नव्हती. हायस्कूल नदीपलीकडं. पावसाळ्यात नदी दुथडी, आणि दिवाळीच्या आसपास बंधाऱ्याला फळ्या घातल्या की तुंबलेलं पाणी. उन्हाळा सोडला तर वाट बंदच. पोरं कपडे डोक्याला बांधून पोहून जायची. पोरींनी काय करायचं? पोरींनी लग्न करायचं. तुझी धाकटी बहीण कल्लव्वा, तिला तर पहिलीतही घातली नाही, तिचंही तेच झालं. हुशार पोरगी म्हणे, तोंडी हिशोबात कुणाला ऐकायची नाही, आणि पुरतं परकर-पोलकं सुटायच्या आत अक्कलकोटच्या बाजूला देऊन टाकली. तू तेव्हा काही करू शकली नाहीस. ते तुझ्या मनात किती खोल गेलं होतं हे मला फार उशिरा कळलं.

माझंही स्थळ बघितलं होतं आप्पांनी, मैंदर्गीचं. तू आमची शेजारीण. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचीस. एके सकाळी विळा हातात घेऊनच आमच्या दारात उभी राहिलीस आणि आप्पांना म्हणालीस, 'निंगव्वाला साळंला घाला. नदीचं मी बघते.' आप्पा हसले. तू हसली नाहीस. विळ्यामुळं असेल, पण आप्पांनीही मग हसणं आवरलं.

पहिल्या वर्षी आम्ही पाच जणी होतो. काईल गोल, तिला पुढं-मागं काही नसतं, पाण्यात सोडली की गरगर फिरते. आम्ही पाठीला पाठ लावून बुडाशी बसायचो, दप्तरं पोटाशी. शाळा एकदा समोर दिसायची, एकदा मागं. तू पाण्यात. लुगड्याचा काचा मारलेला, एक हात काईलीच्या काठाला, दुसऱ्या हातानं पाणी मागं सारत ढकलत न्यायचीस. थंडीत तुझे ओठ निळे पडायचे आणि तोंडाची टकळी चालूच, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. कुणी जरा हललं की ओरडायचीस, 'हलू नगा गं, काईल बुडली तर पुस्तकं भिजत्याल.' पोरी बुडतील असं कधी म्हणाली नाहीस. पुस्तकांचीच काळजी. मला तेव्हा राग यायचा, की हिला आमच्यापेक्षा पुस्तकं मोठी.

नावांची गोष्टही पहिल्याच दिवशीची. हेडमास्तरांनी दाखले बघितले आणि कपाळाला आठी घातली. निंगव्वा, मल्लव्वा, शिवव्वा. ही काय नावं झाली? पुढं शिकायचंय ना, सोलापूरला जायचंय ना, लोक हसतील. आणि त्यांनी लाल शाईनं माझी नंदिनी केली, मल्लव्वाची मालती, शिवव्वाची शीला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला वाटलं, पोरींचं भलं करतोय. आणि आम्हाला आवडलं की गं! अलीकडून अव्वा गेल्या, पलीकडून नट्या परत आल्या. संध्याकाळी तू कंबरभर पाण्यात काईल धरून उभी होतीस. विचारलंस, मास्तरनं काय शिकवलं? आम्ही एका दमात नवी नावं सांगितली.

तू म्हणालीस, 'आन् जुनी कुटं टाकली?'

आम्ही खिदळलो. तू काईल ढकलायला लागलीस.

पुलाचा पहिला अर्ज माझ्या हातचा, मी दहावीत असताना. खाली तू अंगठा उठवलास. मंद्रूपला कुणी साहेब सभेला आला होता, बाजाराचा दिवस होता. तू गर्दीत घुसून त्याच्या हातात अर्ज दिलास. साहेबानं तो न बघता कारकुनाकडं दिला आणि कारकून अंगठ्याकडं बघून हसला. एवढंच झालं. दुसरी एखादी विसरली असती. तू परत आलीस ती थेट माझ्याकडं, आणि म्हणालीस, 'मला माजं नाव लिवायला शिकव. तेवडंच. बाकी काय नगं.'

नदीच्या ओल्या वाळूत बोटानं शिकवलं मी तुला. भा आला. ग आला. व्वा काही येईना. पहिला व अर्धा काढायचा म्हटलं तर तू वाद घालायचीस. 'ह्येला अर्धाच का? त्यानं काय घोडं मारलंय?' मी म्हणायचे, अगं नियम आहे तसा. तू म्हणायचीस, नियम करणाऱ्याला अर्धपोटी ठेवा मग. अखेर जमलं. विळ्यानं कापल्यासारखी वाकडी अक्षरं, पण तुझी. त्यानंतर जो अर्ज गेला त्याच्याखाली ती तीन अक्षरं. किती साहेब आले, किती गेले, सगळ्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तू पुढचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतलास. आणि तेवढं एकच वाचायला शिकलीस. मतदार यादी असो, रेशन कार्ड असो, तू बोट फिरवत फिरवत ती तीन अक्षरं हुडकायचीस आणि सापडली की बोट तिथंच दाबून म्हणायचीस, 'ही मी.'

आता आपल्या भांडणाचं. भांडण तरी कसलं, तू भांडलीसच कुठं. ते झालं असतं तर बरं झालं असतं.

सोलापुरात आम्ही फ्लॅट घेतला, वास्तुशांत केली, शाळेतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. हेडबाई सोफ्यावर, मी नव्या साडीत मिरवतेय. तू गावाकडून एसटीनं आलीस, डोक्यावर कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणीचं गाठोडं. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्याच्या जिन्यातूनच तुझा आवाज आला, 'निंगे! ए निंगव्वा! ह्या जिन्याला अंत हाय का न्हाय?' हेडबाईंनी हसून विचारलं, नंदिनी मॅडम, ही निंगव्वा कोण? बाकीच्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, नुसत्या हसल्या. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तुला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाले, भागव्वा, इथं तरी मला नंदिनी म्हणत जा. लोक हसतात.

तू गाठोडं सोडत होतीस. वर बघितलंस. 'बरं,' म्हणालीस.

त्या दिवसापासून तू मला नंदिनी म्हटलं नाहीस आणि निंगव्वाही म्हटलं नाहीस. 'अगं', 'ए पोरी', फार तर 'मास्तरीण'. नऊ वर्षं! माया कमी केली नाहीस, भाकऱ्या यायच्या, चटणी यायची, माझ्या लेकीच्या लग्नात आठ दिवस राबलीस. नाव तेवढं काढून घेतलंस. असा आडमुठेपणा मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही. मी चिडायचे, मनात म्हणायचे, म्हण ना बाई एकदाचं निंगी, काय अडतंय तुझं! पण तोंडानं म्हणाले नाही. तुझ्यासारखीच मीही हटून बसले. तू एवढ्या लांबून माझ्या दारात आलीस आणि मी तुला स्वयंपाकघरात लपवलं, याची माफी मागायला मला नऊ वर्षं पुरली नाहीत.

दवाखान्यात तू शुद्धीवर होतीस त्या शेवटच्या दिवशी नर्सनं विचारलं, आजी, ह्या कोण तुमच्या? मी कान टवकारून बसले. तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, 'माज्या गावची पोरगी हाय.' मी तिथंच पाय धरायला हवे होते. मी उशी नीट केली.

तुझ्या दिवसांना सरपंच आला. आपल्या मल्लव्वाचा मुलगा, म्हणजे तुझ्या काईलीतून गेलेल्या पोरीचाच पोरगा. पूल तयार झाला होता, पाटी लावायची बाकी होती. तो म्हणाला, टीचर, आता आजीचं नाव देता येतंय. जिवंत माणसाचं नाव देत नाहीत म्हणे. म्हणजे तू मेलीस तेव्हा कुठं पुलाच्या लायकीची झालीस! पण पोरगा मनापासून बोलत होता. मला म्हणाला, ठराव तेवढा चांगल्या मराठीत लिहून द्या, तुमचं अक्षर छान आहे. मी लिहून दिला. 'भागव्वा सेतू' असाच लिहिला. हे माझ्या खात्यावर एवढंच.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मी चाचणीचे पेपर तपासत होते, हातात लाल पेन. तो घुटमळत बोलत होता. वरच्या कुणीतरी सुचवलं होतं, नाव जरा भारदस्त हवं. भागव्वा म्हणजे अगदीच हे वाटतंय, स्टेजवरून म्हणायला बरं दिसत नाही. शिवाय सीमेचा भाग, कानडी नाव दिलं म्हणून कुणी उकरून काढलं तर? त्याचा स्वतःचा काही हट्ट नव्हता. मी नुसतं म्हटलं असतं की चालणार नाही, तर तो वर तसं सांगायला तयार होता, हे मला त्याच्या आवाजावरून कळत होतं. त्यानं विचारलं, 'टीचर, मराठीत काय हुतंय ह्याचं? तुमीच सांगा.'

मी मिनिटभरही घेतलं नाही, भागव्वा. पेन बाजूला ठेवलं नाही. म्हणाले, भागीरथी करा. अर्थ तोच आहे, आणि पुलाला नदीचं नाव शोभूनही दिसतं.

अर्थ कुठला तोच, डोंबल! भाग्यव्वाची तू भागव्वा. भाग्य आणि पुढं अव्वा. अव्वा म्हणजे आई, हे काय मला कुणी सांगायला हवं? माझ्या आईला मी जन्मभर त्याच नावानं हाक मारली. भागीरथीशी तुझा काडीचा संबंध नाही. ते हेडमास्तर तरी बिचारे कन्नड जाणत नव्हते. मी जाणते. मी मराठीची शिक्षिका, व्युत्पत्ती शिकवते वर्गात, आणि फोनवर बेधडक खोटी व्युत्पत्ती सांगितली. सरपंच खूश झाला. म्हणाला, वा टीचर, एकदम फिट बसलं.

आणि खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं वाटलं. उद्घाटनाला मी बोलायचं ठरलं होतं, काईलीतून गेलेली पहिली मुलगी म्हणून. शाळेतल्या बाया येणार होत्या, माझे जावई येणार होते. तिथं तुला भागव्वा म्हटलं असतं तर तुझ्या काईलीत बसलेली ती पोरगी कोण हेही सांगावं लागलं असतं. भागीरथीबाईंच्या नौकेत नंदिनी बसली, कसं छान जमून गेलं! दोघीही कुठल्या कोण. परवा माईक हातात घेऊन मी बारा मिनिटं बोलले. आदरणीय भागीरथीबाई म्हणाले, चार वेळा म्हणाले, जीभ एकदाही अडखळली नाही. खाली उतरल्यावर हेडबाई म्हणाल्या, किती भावपूर्ण बोललात. मी मान डोलावली. कुणी शेण खातं तेव्हा चव लगेच कळत नाही म्हणायची.

कल्लव्वा आली होती. तुझी बहीण गं, आता पार वाकलीय. नातवानं एसटीत बसवून दिली, पुढं एकटीच आली. इरकल नेसली होती, पिशवीत खण-नारळ होता, पाटीची ओटी भरायला. दुसऱ्या रांगेत बसली होती. भाषणं चालू असताना माझं लक्ष गेलं तर ती सारखी मान पुढं काढून ऐकायची, एक हात पिशवीत नारळावर, कुणी बोलावलं की उठायच्या तयारीत. मला वाटलं, किती मन लावून ऐकतेय.

कार्यक्रम संपला. गाड्या गेल्या, जेवणाच्या मांडवाकडं गर्दी पळाली. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालायला लागले. कल्लव्वा आपली तशीच बसून. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या उचलल्या तरी उठेना. मी जवळ गेले, म्हटलं, मावशी, चल, जेवायला वाढलंय.

ती म्हणाली, 'भागव्वाचं कवा हाय?'

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, काय?

'ह्या भागीरथीबाईचं झालं की. भागव्वाचं कवा करत्यात? माजी एसटी हाय पाचला.'

मी तिला हाताला धरून उठवलं. पाटीपाशी नेलं. तिथं उभं राहून तिला म्हणाले, मावशी, हेच ते. हेच भागव्वाचं. नाव बदललंय, आणि ते मी बदललंय. त्यांनी मला विचारलं होतं, मी भागव्वाचं भागीरथी करा म्हणून सांगितलं. तोंडानं मोठ्यानं हे मी पहिल्यांदाच म्हणत होते, आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती शिव्या घालेल. तुझी बहीण आहे, शिव्यांत तुझ्यापेक्षा काकणभर सरसच. मला त्या हव्या होत्या.

ती पाटीकडं वळली. तिला अक्षरओळख नाही, तरी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग तिनं मला विचारलं, ह्या एवढ्या लिहिण्यात भागव्वा असं कुठंच नाही का? मी म्हटलं, नाही.

'मग तिला कसं कळंल, तिचं हाय म्हून? तिला तेवडंच वाचाया येत हुतं.'

सत्तावीस वर्षं पोरींना उत्तरं लिहायला शिकवतेय मी, भागव्वा. पिशवीतून अर्धा बाहेर आलेला खण कल्लव्वानं नीट घडी करून परत आत घातला, वर नारळ ठेवला, पिशवीचे बंद हाताला गुंडाळले. जेवायला थांबली नाही. रस्त्याला लागता लागता वळून म्हणाली, 'तिचं नाव लावशील तवा सांगावा धाड मला. यीन मी.'